मनाशी रोज भांडू नका

पाडव्याला, वाढदिवसाला किंवा नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी केलेले संकल्प बहुतेकांचे पंधरवडाभरही टिकत नाहीत. मग आपण स्वतःलाच बोल लावतो, की माझ्यात चिकाटीच नाही, मी नुसता आरंभशूर. वाचकहो, इतक्या लवकर स्वतःवर असा शिक्का मारू नका. पहाटे साडेपाचला गजर झाल्यावर ‘उठू की नको?’ असं मनाला विचारलं, तर मन काय सांगणार हे ठरलेलंच आहे. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. जी गोष्ट रोज करायची, तिचा निर्णय रोज घेऊ नका. तो एकदाच घ्या आणि घरातली मांडणी अशी करा की मनाला पुन्हा विचारायची वेळच येऊ नये.

ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी पाहा. एकादशीचा उपास, मांस-मद्य वर्ज्य, वर्षाची वारी, हे सगळं त्याने माळ घेताना एकदाच ठरवलेलं असतं. लग्नाच्या आदल्या रात्री मित्रमंडळी ग्लास पुढे करतात. तो गळ्याकडे बोट नेतो, ‘माळ आहे’ एवढंच म्हणतो आणि आग्रह तिथेच थांबतो. त्याला मोह होतच नसेल असं नाही, पण त्याचा निर्णय मागेच, चार माणसांदेखत झालेला आहे. आषाढीच्या वारीतही हेच दिसतं. आळंदी ते पंढरपूर ही जवळजवळ अडीचशे किलोमीटरची वाट साठी-सत्तरीची माणसं पायी चालतात. दिंडीला क्रमांक असतो, निघायची वेळ आणि मुक्कामाचं गाव ठरलेलं असतं, शेजारी ओळखीचा माणूस चालत असतो. दिंडी निघाली की पाय आपोआप उचलले जातात.

पैशाच्या बाबतीतही असाच एक जुना उपाय आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने 1928 साली पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस दारोदार जाऊन रोज अगदी दोन आणेसुद्धा गोळा करी. आजही आपल्या गावोगावच्या पतसंस्थांत पिग्मी चालते. दिवेलागणीला एजंट भाजीवाल्या मावशींच्या गाडीपाशी येतो. गिऱ्हाईक सोडून त्या गल्ल्यातली पन्नासची नोट काढून देतात, पावती कनवटीला लावतात आणि पुन्हा कोथिंबिरीच्या जुड्यांकडे वळतात. उरले तर टाकू, असा हिशेब ठेवला असता तर काहीच उरलं नसतं. पगारदारांनी हाच धडा घ्यावा. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं महिना शंभर रुपयांपासून उघडता येतं. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी पैसे आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेत देऊन ठेवा. पिग्मी भरणाऱ्यांनी मात्र पावती रोज घ्यावी, पासबुक वेळच्या वेळी भरून घ्यावं आणि पैसे कुठल्या संस्थेत जातात याची चौकशी आधीच करावी.

सवय एकवीस दिवसांत लागते, असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या रोजच्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं त्यांना दिसलं, आणि माणसामाणसांत फरक मोठा होता, 18 पासून 254 दिवसांपर्यंत. म्हणजे महिन्याभरात जमलं नाही म्हणून हात टेकायचं कारण नाही. त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे. एखाद्या दिवसाचा खाडा पडला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

घात खाडा करत नाही, खाड्यानंतरचा आपला विचार करतो. पाहुणे आले, ताप आला, एक दिवस फिरायला जाणं चुकलं, की ‘आता मोडलंच’ म्हणून आपण पुढचा आठवडाही सोडून देतो. खाडा पडणारच हे धरून चाला. दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून स्वतःला शिक्षाही करू नका. ठरलेल्या वेळी, ठरलेलं तेवढंच करा.

रात्री मोबाइल सुटत नाही ही आज घरोघरची तक्रार आहे. त्याचा चार्जर उशाशी न ठेवता स्वयंपाकघरात ठेवा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. सकाळी चालायचं असेल तर कपडे आणि बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा, आणि शेजारच्या कुणाला तरी खाली थांबायला सांगा. मुलांचा अभ्यास ‘संध्याकाळी’ असा मोघम ठेवू नका. दूध पिऊन झालं की याच टेबलावर, असं ठरवा. सुरुवात मुद्दाम लहान ठेवा. दहा मिनिटं चालणं रोज जमलं, तर अर्धा तास पुढे आपसूक होतो.

घरच्यांनाही एक विनंती. पहाटेपासून डबे, पाणी, म्हाताऱ्यांची औषधं यांत गुंतलेल्या बाईला व्यायामाला वेळ मिळत नसेल, तर तिला शिस्तीचे धडे देऊ नका. त्या अर्ध्या तासात चहाचं आणि डब्यांचं तुम्ही बघा.

आणि दारू, तंबाखू यांचं व्यसन जडलेलं असेल, तर नुसता निश्चय पुरत नाही. तो आजार आहे, त्याला उपचार लागतात. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतं आहे. डॉक्टरांकडे किंवा अशा केंद्रात जाण्यात कमीपणा मानू नका, आणि घरातल्या कुणाला जायचं असेल तर त्याच्या सोबत जा.

आज जेवणं उरकली की पाच मिनिटं बसा. बदलायची एकच गोष्ट निवडा. ती किती वाजता, कुठे आणि कशानंतर करायची, हे कागदावर लिहून घरात सगळ्यांना दिसेल असं लावा. रोज ‘झालं का?’ असं न रागावता विचारणारं एक माणूसही ठरवा. दुसऱ्या संकल्पाची घाई नको. पहिली गोष्ट हाताला इतकी सवयीची होऊ द्या की ती करताना विचार करावा लागणार नाही, मगच दुसरीचा नंबर लावा.