अक्षर कशास म्हणावें ?

संगणकास आज्ञा देण्याच्या भाषांपैकीं ‘पायथन’ ही आतां पुष्कळ विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. गिडो व्हॅन रॉसम यांनीं ती १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तींतील मूळ पदार्थांस, मग ती संख्या असो वा अक्षरमालिका, कांहीं क्रिया जन्मतःच लाभलेल्या असतात. धातूस प्रत्यय लावावा त्याप्रमाणें पदार्थापुढें टिंब देऊन क्रियेचें नांव लिहिलें कीं फल मिळतें. त्या आयत्या मिळत असल्यामुळें त्यांचा अर्थ तपासण्याचें मात्र सहसा कोणास सुचत नाहीं.

‘इजअल्फा’ ही त्यांतलीच एक. मालिकेंत केवळ अक्षरेंच आहेत काय, हें ती सांगते. परवां आमच्या नातवानें नांवांची यादी तपासण्यासाठीं हिची योजना केली व आपल्या जिल्ह्याचे आठही तालुके तीस दिले: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. आठांसही उत्तर ‘नाहीं’! ‘कमल’ या नांवास मात्र ‘होय’. चिरंजीव म्हणाले, “आजोबा, आपली लिपीच सदोष दिसते.”

दोष लिपीचा नव्हे. युनिकोड नामक जागतिक वर्णसंग्रहांत क, म, ल हीं अक्षरें होत. काना, वेलांटी, अनुस्वार हीं जोडचिन्हें म्हणून निराळ्या वर्गांत आहेत. ही क्रिया पहिलाच वर्ग पाहते. ‘जालना’ या शब्दांत आम्ही तीन अक्षरें मोजतों. ‘लेन’ ही मोजणारी क्रिया पांच चिन्हें मोजते. आमच्या अंकांस मात्र तेथें मान आहे. जिल्हा झाला तें साल ‘१९८१’ असें देवनागरींत लिहून ‘इंट’ कडे दिलें तर बिनतक्रार संख्या मिळते.

उपाय सोपा आहे. चिन्हाचा वर्ग सांगणारें ‘युनिकोडडेटा’ हें साधन पायथनबरोबरच येतें. त्याच्या आधारें नांवाच्या आरंभीं अक्षर असावें व पुढें अक्षर आणि जोडचिन्ह दोन्ही ग्राह्य धरावीं, असा नियम नातवानें स्वतः रचला. आठही तालुके उत्तीर्ण झाले.

स्वरावांचून अक्षर सिद्ध होत नाहीं, असें आम्ही जन्मभर शिकविलें. येथें स्वराचें चिन्हच उंबऱ्याबाहेर राहिलें होतें. शब्द तोच, व्याख्या निराळी. उद्यां हींच मुलें शाळांचीं व दवाखान्यांचीं आवेदनपत्रें रचतील. तेव्हां कोणा सीतेस ‘तुझें नांव अशुद्ध आहे’ असें यंत्राकडून ऐकावें लागूं नये, एवढी काळजी घरांतील वडिलधाऱ्यांनीं आजच मुलांच्या मनांत रुजवावी.