एकदा सीझर, मग कायम सीझर?

"पहिलं सीझर ना? मग दुसरंही सीझरच!" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज फेकलं जातं, की त्यावर प्रश्न विचारता येतो हेच समोरच्या बाईच्या लक्षात येत नाही. ऑफिसातल्या मैत्रिणी, सोसायटीतल्या काकू, सासूबाई... आणि दुर्दैवाने काही डॉक्टरसुद्धा. आज शनिवार आहे, प्रॉडक्शनला आग लागलेली नाही, तेव्हा या वाक्याचा जरा समाचार घेते.

मुळात हे वाक्य १९१६ सालचं. न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरचं. तेव्हा गर्भपिशवीच्या वरच्या जाड भागावर उभा छेद घ्यायचे. पुढच्या बाळंतपणात कळांच्या जोराने तो उसवायची भीती खरीच मोठी होती. पण क्रेगिनचा रोख होता पहिल्या सीझरवर. बाबांनो, पहिलं करतानाच दहादा विचार करा, असं त्याला सांगायचं होतं. आपण इशारा टाकून दिला आणि नियम तेवढा उचलला! पुढे १९२० च्या दशकापासून खालच्या पातळ भागावरचा आडवा छेद रुळत गेला आणि आज बहुतेक सगळी सीझर तशीच होतात. सिस्टिम बदलली, वॉर्निंग मात्र शंभर वर्षांपूर्वीचीच.

आता आकडे. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांचं रॉयल कॉलेज सांगतं, की एका सीझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ७२ ते ७५ जणींची नॉर्मल होते. आधी एखादी नॉर्मल झालेली असेल तर ८५ ते ९०. जुना छेद उसवण्याचा धोका साधारण २०० त १. कळा औषधाने आणल्या तर तो दोन-तीन पट होतो. २०० त १ हा आकडा लहान दिसतो, पण ती एक बाई तुम्ही असाल तर हातात काही मिनिटंच असतात, हे विसरायचं नाही. आणि दुसऱ्या बाजूला? प्रत्येक सीझरगणिक पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. मग प्रचंड रक्तस्राव, प्रसंगी पिशवीच काढायची वेळ. म्हणजे 'सुरक्षित' आणि 'धोकादायक' अशी निवड नाहीच आहे. दोन वेगवेगळे धोके आहेत, आणि कुठला पत्करायचा हे त्या बाईने ठरवायचंय.

पण ठरवतं कोण? अमेरिकेची गंमत बघा. १९९६ मध्ये तिथे आधी सीझर झालेल्या शंभरातल्या २८ जणींची नॉर्मल होत होती. छेद उसवल्याच्या काही केसेस आणि कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १९९९ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने सांगितलं, की इमर्जन्सी सीझर करणारे डॉक्टर तिथल्या तिथे हजर हवेत. लहान हॉस्पिटलांनी सरळ दार बंद केलं. २००४ पर्यंत आकडा ९ वर! बायकांच्या पिशव्या आठ वर्षांत बदलल्या नव्हत्या, बदललं होतं ते हॉस्पिटलांचं धोरण.

आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यांत सीझरचं प्रमाण १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४. (मुहूर्त काढून घेतलेली किती, हे कोणी मोजत नाही.) यात सगळी लबाडीच आहे असं मी म्हणणार नाही. दहा खाटांचं नर्सिंग होम, डॉक्टर एकट्या, भूलतज्ज्ञ गावाच्या दुसऱ्या टोकाहून येणार, रक्त मागवायचं तर तासभर. अशा डॉक्टर "मी हे इथे करणार नाही" म्हणाल्या, तर त्यांना माझा नमस्कार. माझं भांडण आहे ते "तुमचं होऊच शकत नाही" म्हणणाऱ्यांशी. पहिल्या वाक्यानंतर बाई दुसरं हॉस्पिटल शोधते. दुसऱ्यानंतर गप्प घरी येते.

तयारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर योगा, तूप आणि तो मोठ्ठा बॉल येतो. करा हो, कोण नको म्हणतंय! पण खरी पहिली तयारी म्हणजे कागद. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी असतात, त्याने भागत नाही. ऑपरेशनची नोंद हवी. छेद कसा घेतला, तो पुढे फाटला होता का, पिशवीचं तोंड किती उघडलं होतं, आणि मुळात सीझर का केलं. लॉग न बघता बग कशामुळे आला ते सांगणाऱ्याला आपण टीममध्ये ठेवतो का? २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. मात्र ते जपून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं आहे, तेव्हा दुसऱ्या वेळेची वाट न बघता आत्ताच मागा. माझ्या नणंदेला हॉस्पिटलने दोनदा "सापडत नाही" म्हणून परत पाठवलं. लेखी अर्ज दिल्यावर तिसऱ्या दिवशी सापडलं. सीझरचं कारण होतं, बाळ पायाळू. आता हे कारण दर वेळी थोडंच येणार आहे? तरी दोन वर्षं तिला सांगत होते, "तुझं हाडच लहान आहे."

त्या कागदावर उभा छेद निघाला, पिशवी पूर्वी उसवलेली असली, किंवा या खेपेला वार तोंडाशी असली, तर वाद घालू नका, सीझर करून घ्या. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर धोका वाढतो, तेही आधी बोलून घ्या. आणि "सीझर झालं तरी काय, घरीच होऊ द्या, शरीराला सगळं कळतं" म्हणणाऱ्या मंडळींपासून तर चार हात लांबच राहा. २०० त १ ची ती वेळ आली तर ऑपरेशन थिएटर शेजारच्या खोलीत लागतं, शेजारच्या गावात नाही.

मग हॉस्पिटल निवडताना एसी रूम आणि फोटोशूटचं पॅकेज राहू दे. रात्री तीन वाजता भूलतज्ज्ञ बिल्डिंगमध्ये असतो का? थिएटर किती मिनिटांत सुरू होतं? रक्त कुठून येतं? बाळाचे ठोके सतत मशीनवर बघतात का? गेल्या वर्षी अशा किती जणींनी इथे प्रयत्न केला आणि किती जणींची नॉर्मल झाली? सातव्या महिन्यापर्यंत हे विचारून टाका, कारण त्यानंतर डॉक्टर बदलायला कोणी सहजासहजी तयार होत नाही, तुम्हीही नाही आणि नवे डॉक्टरही नाहीत.