बारावीनंतरची वेस

मुलींच्या विवाहाचे वय कायद्याने वाढते की शिक्षणाने, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीसाठी चौदा वर्षांची मर्यादा घातली. १९७८ मध्ये ती अठरावर नेण्यात आली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेले होते. केवळ कायद्याच्या बळावर लग्नघटिका पुढे सरकत नाही, हाच याचा अर्थ.

ती कशाने सरकते, हे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत पाहावे. पूर्वेकडे कुकडीचे पाणी, नारायणगाव-मंचरच्या बाजारपेठा आणि हाताशी महाविद्यालय. तेथे स्थळ सांगून आले, तरी ‘परीक्षा होऊन जाऊ द्या’ असे म्हणण्याची सोय बापाला आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी व ठाकर समाजाची गावे, पावसावरची भातशेती आणि मोजक्या एस. टी. गाड्या. आहुप्याच्या किंवा घाटघरच्या मुलीला महाविद्यालय गाठणे हीच पहिली परीक्षा असते.

अडचण नेमकी बारावीपाशी येते. मुलगी साधारण याच सुमारास अठरा वर्षांची होते आणि कायद्याचे संरक्षण संपते. एस. टी.चा मोफत पासही बारावीपर्यंतच. पुढे सवलत असली तरी पैसे मोजावे लागतात. ज्या वर्षी आधाराची गरज सर्वाधिक, त्याच वर्षी तो सुटतो. मग ‘घरी बसून काय करणार?’ हा प्रश्न पुढे येतो आणि त्याचे उत्तर बोहल्यावर शोधले जाते.

२०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु कला शाखेत जाणाऱ्या डोंगरातील मुलीला शुल्काहून संध्याकाळची चुकलेली गाडी आणि वसतिगृहातील न मिळालेली जागा अधिक जाचते.

पदवी ही लग्नाच्या बाजारातील एक पात्रताच ठरते, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. तथापि पदवीची तीन-चार वर्षे मुलीला स्वतःचे मत बनविण्यास आणि प्रसंगी नकार देण्यास अवसर देतात. हा अवसर पूर्वेकडील मुलीला लाभावा आणि पश्चिमेकडील मुलीला केवळ गाडीअभावी नाकारला जावा, हे न्यायाचे नव्हे. विवाहवयाची चर्चा करणाऱ्यांनी आधी एस. टी.चे वेळापत्रक पाहावे.