सत्ता गेल्यानंतरचे अंतराळस्थानक
जानेवारी १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकी मालिकेचा पहिला हंगाम संथ म्हणून अनेकदा बाजूला सारला जातो, परंतु १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झालेल्या परभणीच्या प्रेक्षकाने तो आज पुन्हा पाहिला, तर त्या संथपणामागचे प्रयोजन उमगते. येथील अंतराळस्थानक, म्हणजे अवकाशात कायम वस्तीसाठी उभारलेले केंद्र, कार्डेशियन सत्तेने बजोर ग्रहाच्या रहिवाशांना वेठीस धरून खनिज शुद्ध करून घेण्यासाठी वापरलेले असते आणि कथा सुरू होते ती ही सत्ता निघून गेल्यावर, मोडतोड झालेल्या दालनांतून. राज्य बदलले म्हणून मने बदलत नाहीत, हे सूत्र ‘ड्युएट’ या भागात परमोच्च बिंदू गाठते : छळछावणीचा क्रूर प्रमुख असल्याचे सोंग घेणारा कार्डेशियन मरिट्झा प्रत्यक्षात तेथील साधा कारकून निघतो आणि आपल्या देशाला अपराध कबूल करणे भाग पडावे म्हणून मृत्युदंड मागतो, एकेकाळी कार्डेशियनांविरुद्ध शस्त्र हाती घेतलेली बजोरी किरा त्याला सोडून देते, तोच एक बजोरी केवळ तो कार्डेशियन आहे म्हणून त्याला भोसकतो आणि एवढे कारण पुरेसे नाही, हे किराला त्या क्षणी कळते. मुक्तिसंग्रामाचा वारसा सांगणाऱ्या समाजाने सूड आणि न्याय यांतील हा भेद प्राणपणाने जपला पाहिजे.