आत्याचा खाऊ

परवा भावाकडे गेले होते. दार उघडलं ते अकरा वर्षांच्या भाच्याने. "आत्या, काय आणलंस?" आणि हात थेट पिशवीत! दर वेळचंच आमचं हे. वेफर्स, क्रीमची बिस्किटं, कोल्ड्रिंकची बाटली. या वेळी मात्र वहिनीने पिशवी हळूच बाजूला घेतली. वजन फार वाढलं म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. साखर काठावर आलीये.

मला काय बोलावं सुचेना.

जंक फूड म्हटलं की आपण वडापावच्या नावाने खडे फोडतो. तोही काही साधा नाही म्हणा, मैदा आणि तळण. पण दोन खाल्ले की पोट 'बास' म्हणतं. पाकिटातल्या खाण्याला ते 'बास' नसतंच. अमेरिकेत २०१९ साली एक प्रयोग झाला. २० माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. पानात वाढलेली साखर, मीठ, चरबी सारखीच, आणि हवं तेवढं खायची मुभा. तरी तयार खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढली. मोठ्यांची ही गत, तर पोरांना "तुझा जिभेवर ताबा नाही" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आणि कोल्ड्रिंक! ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर, म्हणजे सात चमचे. चहात कोणी सात चमचे घातले तर आपण कप फेकून देऊ.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असलं खाणं विकू नये, असा नियम २०२० साली देशात झाला. चांगलंच आहे. पण घराच्या दारापासून ५० मीटरचं काय? तिथे तर आत्या, मामा, काका स्वतःच पाकिटं घेऊन शिरतात, लाडाच्या नावाखाली.

माझे बरेच नातेवाईक हे वाचतात, म्हणून इथेच सांगते. रागावू नका, पण त्या घरी जाताना पाकिटं नेऊ नका. मीही नेणार नाही. पुढच्या वेळी पेरू आणि भाजलेल्या शेंगा नेईन.

तो पिशवीत हात घालून तोंड वाकडं करेल, हे ठाऊक आहे. करू दे. आत्या आली म्हणून दार उघडायला तो यायला हवा, पिशवी आली म्हणून नाही.