व्हिडिओ करू द्या कच्च्या मुलाला

मालेगावला कॅमेऱ्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. २००० च्या सुमारास नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा डाकूंना घोडे परवडेनात म्हणून सायकली दिल्या; पुढच्या एका चित्रपटात क्रेनचे काम बैलगाडीने केले. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटातला सुपरमॅन तर यंत्रमागावरचा कामगार होता. अशा शहरात विद्यार्थ्यांनी मोबाइलवर गणिताचे छोटे व्हिडिओ करून वर्गसोबत्यांना शिकवायचे ठरवले, तर साधनांवाचून काही अडणार नाही. अडेल ते एका समजुतीपाशी. असा व्हिडिओ वर्गातल्या हुशार मुलानेच करायचा, हे आपण न विचारता गृहीत धरतो. माझ्या मते नेमके उलटे व्हायला हवे.

कारण या खटाटोपात जास्त शिकतो तो व्हिडिओ करणारा. फिओरेला आणि मेयर या अमेरिकी संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींनी धडा नुसता अभ्यासला, तर काहींनी तो कॅमेऱ्यासमोर शिकवलाही. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत शिकवणारे सरस ठरले. ते महाविद्यालयीन विद्यार्थी होते, धडाही भौतिकशास्त्राचा होता, हे मान्य. पण यामागचे कारण सहावीच्या वर्गातही दिसेल. ४०८ ला ४ ने भागताना अनेक मुले शून्य गाळतात आणि १२ असे उत्तर लिहून मोकळी होतात. वहीत त्यावर लाल फुली पडते, विषय संपतो. तेच गणित दुसऱ्याला समजावताना मात्र ४ शतकांचे चार समान वाटे केले की प्रत्येकाला १ शतक, दशक एकही नाही म्हणून तिथे शून्य, मग ८ एककांचे २-२, म्हणून १०२, असे बोलावे लागते. बोलता बोलता जीभ जिथे अडते, तिथेच न समजलेले सापडते. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नव्हते. अशा वेळी ज्याला भागाकार येतो त्यालाच पुन्हा फळ्यापाशी उभे करून काय साधणार?

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तो वजनदार आहे. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथशाळेत मुलांकडून मुलांना शिकवून घेतले, १७९७ मध्ये लंडनमध्ये त्याचा वृत्तान्त छापला आणि ती पद्धत इंग्लंडभर पसरली. तिचे मोठे आकर्षण स्वस्ताई हेच होते. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले बसू लागली आणि शिकवणारी मुले, म्हणजे मॉनिटर, घोकलेलेच घोकवून घेऊ लागली. व्हिडिओ हाती आले म्हणून रिकाम्या शिक्षकपदांकडे काणाडोळा करण्याचा मोह उद्या कुणालाही होऊ शकतो. तो हाणून पाडायलाच हवा, कारण ही पद्धत शिक्षकाचे काम वाढवते. चुकीचा व्हिडिओ आधी त्यानेच पाहायचा, चूक कुठे झाली ते मुलाला विचारायचे आणि तो पुन्हा करून घ्यायचा. चुकीचे गणित पसरेल ही भीतीही त्यामुळेच टिकत नाही. उलट, वहीतल्या फुलीतून न कळणारा घोळ शिक्षकाला त्या छोट्या व्हिडिओत ऐकू येतो.

राहिला प्रश्न मोबाइलचा. घरात एकच फोन आणि तोही वडिलांच्या खिशात, मुलींचे चेहरे पडद्यावर नकोत, या अडचणी खऱ्या आहेत. मग वर्गात शिक्षकांचाच फोन वापरावा, चौकटीत फक्त कागद आणि हात दिसावेत, चित्रफीत शाळेबाहेर जाऊ नये. भाषा मुलांची असावी. उर्दू असो, मराठी असो की अहिराणी. गुणही सजावटीला किंवा पार्श्वसंगीताला देऊ नयेत, ‘का’ या प्रश्नाच्या उत्तराला द्यावेत. मालेगावच्या गणित शिक्षकांना एवढीच विनंती, की या सत्रातला पहिला व्हिडिओ ४०८ भागिले ४ चे उत्तर १२ लिहिणाऱ्यांपैकी कुणाला तरी करू द्या.