पोरगं गेम खेळतंय की गेम बनवतंय?

मुलगा संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडतो. चार-सहा ठिकाणी अर्ज करतो, एक-दोन मुलाखती देतो आणि मग घरात कॉम्प्युटरपुढे बसलेला दिसतो. आई विचारते, "काय करतोस रे दिवसभर?" तो म्हणतो, "गेम बनवतोय." झाले! बापाच्या कपाळाला आठ्या पडतात. पोटाला चिमटा घेऊन शिकवले ते गेमसाठी काय? वाचक बंधू-भगिनींनो, हा राग खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. घरभाडे, किराणा, धाकट्याची फी कुणासाठी थांबत नाही. पण रागावण्याआधी पोरगं नेमके काय करते आहे, हे समजून घ्यावे. त्यासाठी अमेरिकेतल्या एका बेकार पदवीधराची हकिगत सांगतो.

एरिक बॅरोन हा तरुण २०११ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टॅकोमा येथील शाखेतून संगणकशास्त्राचा पदवीधर झाला. नोकरीसाठी अर्ज केले, पण जमले नाही. प्रोग्रामिंगचा हात पक्का व्हावा आणि नोकरी मागताना दाखवायला काही असावे, म्हणून त्याने एक गेम करायला घेतला. लहानपणी तो 'हार्वेस्ट मून' नावाचा शेतीवरचा जपानी गेम खेळत असे. तशाच धर्तीचा आपलाही एक करावा, एवढाच बेत होता. काही महिन्यांत उरकेल असे वाटलेले काम साडेचार वर्षे चालले. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी 'स्टारड्यू व्हॅली' या नावाने तो गेम विक्रीला आला. प्रोग्राम त्याचा, चित्रे त्याची, संगीत त्याचे, पात्रांच्या तोंडचे संवादही त्याचेच. मोठ्या कंपनीच्या भांडवलाशिवाय एकट्यादुकट्याने केलेल्या अशा गेमला 'इंडी गेम' म्हणतात.

या गेममध्ये शहरातली नोकरी सोडून एक माणूस आजोबांच्या पडीक शेतावर येतो. सुरुवातीला पार्सनिप या गाजरासारख्या पांढऱ्या कंदाच्या पंधरा बिया त्याला फुकट मिळतात. पुढे बी २० नाण्यांना घ्यायचे, रोज पाणी घालायचे, चार दिवसांनी कंद काढून ३५ नाण्यांना विकायचा. खेळणाऱ्याला हे सोपे वाटते. पण कॉम्प्युटरला शेती काय ठाऊक? त्याला एकेक नियम लिहून द्यावा लागतो. पाणी घातले असेल तरच पीक एक दिवस पुढे सरकेल. पाऊस पडला तर पाणी घातले असे समजावे. ऋतू २८ दिवसांचा. तो संपला की त्या ऋतूचे पीक वाळून जावे. गावातले किराणा दुकान बुधवारी बंद राहावे. शेतकरी रात्री झोपला की दिवसभराचा हिशेब जमा व्हावा. असे हजारो नियम. एखादा चुकला, तर भर पावसातही पीक वाढायचे नाही.

नियम नीट लावणे आणि चूक कुठे झाली ते शोधून काढणे, यालाच प्रोग्रामिंग म्हणतात. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, दवाखान्याची नोंद यांच्यामागेही हेच काम असते. म्हणून गेम बनवणारे पोरगं रिकामे बसले आहे असे समजू नये. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम हा निराळा प्रकार आहे. त्यांनी कित्येक घरे कर्जात बुडवली आणि २०२५ साली आपल्या संसदेने त्यांच्या बंदीचा कायदा केला. दोन्हींची गल्लत करू नये.

आता जमाखर्च मांडू. खर्चाच्या बाजूला साडेचार वर्षे. बॅरोन बहुतेक दिवस दहा-दहा तास काम करी. केलेली चित्रे पसंत पडेनात म्हणून पुन्हा पुन्हा नव्याने काढी. पोटासाठी सिएटलच्या एका थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करी. उरलेला भार त्याच्या जोडीदाराने स्वतः कमावून उचलला. जमेच्या बाजूला, पहिल्या दोन महिन्यांत दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि डिसेंबर २०२४ पर्यंत खप ४ कोटी १० लाखांवर गेला.

हा आकडा वाचून कुणी हातची नोकरी सोडू नये. 'स्टीम' या गेमविक्रीच्या मोठ्या ऑनलाइन बाजारात एकट्या २०२४ साली १८ हजारांहून अधिक नवे गेम आले. त्यांतले बरेचसे कुणाच्या नजरेलाही पडत नाहीत. बॅरोनसारखे यश सगळ्यांच्या वाट्याला येणार नाही. पण काम करता करता हात तयार होतो, तो ज्याचा त्याच्यापाशी राहतो. घर चालवायचे तर आमच्या मते या हातावर भरवसा ठेवावा, खपाच्या आकड्यावर नव्हे.

म्हणून तरुण मित्रांनो, मिळेल ते प्रामाणिक काम आधी धरा. दुकानात बसा, शिकवण्या घ्या, डेटा एंट्री करा. रोज दोन तास मात्र राखून ठेवा. पहिला गेम एका पडद्यावर मावेल इतका लहान घ्या आणि तीन महिन्यांत पुरा करा. अर्धवट राहिलेल्या दहा गेमपेक्षा पुरा झालेला एक मुलाखतीत जास्त बोलतो. 'गोडो' नावाचे गेम बनवण्याचे साधन फुकट मिळते, जुन्या कॉम्प्युटरवरही लहान गेमचे काम भागते. 'स्टीम'वर गेम ठेवायला १०० डॉलर भरावे लागतात, त्याची घाई नको. आधी शेजारच्या चार पोरांना खेळायला द्या. ती कुठे अडतात ते वहीत लिहा आणि दुरुस्त करा.

आणि आई-वडिलांनो, मुदत जरूर घाला. वर्षभराने काय पुरे झाले, याचा हिशेबही मागा. पण घरात संगणक शिकलेली मुलगी असेल, तर तिलाही हेच दोन तास द्या. भावाने कॉम्प्युटर उघडला की घर शांत राहते. बहिणीने उघडला की पाणी भरायची, भाकरी टाकायची हाक येते. एक चूक शोधताना तीनदा उठावे लागले, तर ती सापडायची कशी? बॅरोनच्या मागे कमावणारे माणूस उभे होते. आपल्या घरात आई, ताई भावासाठी अशा उभ्या राहतात. तसेच कुणीतरी मुलीसाठीही उभे राहायला हवे.

आज रात्री जेवणे उरकल्यावर मुलाला किंवा मुलीला एवढेच म्हणा, "दाखव बरं काय केलंस ते." आणि दाखवून होईपर्यंत जवळ बसा.